बर्फावरचं लग्न

विधवेला घराबाहेर काढणं पाप, पण विधवेचं लग्न लावून देणं पुण्य. आमच्या न्यू कॉरिंथच्या मंडळाने या एवढ्याशा फटीतून माझी जमीन ओढून काढायचं ठरवलं, आणि ते करताना माझ्या नवऱ्याचा जीव घेतला. नवरा म्हणजे दुसरा. पहिला, ओबेड व्हीलॉक, नेब्रास्कात आल्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात तापाने गेला. त्याच्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही. मिसूरी नदीकाठचे डास काही मंडळाचे सभासद नव्हते.

कायदा सरळ होता. सरकारी जमिनीवर घर बांधून राहायचं, नांगर घालायचा, आणि मोजणी झाली की कचेरीत शपथ घेऊन एकशे साठ एकर आपल्या नावावर करून घ्यायचे. हे पुरुषाला करता येई आणि विधवेला करता येई. लग्नाच्या बाईला नाही. शपथेआधी विधवेने पुन्हा लग्न केलं की तिचा हक्क त्याच दिवशी संपला, जमीन मोकळी, जो आधी खुंटी ठोकेल त्याची.

माझी जमीन नदीला लागून, नावेच्या धक्क्यावरच होती. आयोवाकडून पश्चिमेला निघालेली प्रत्येक गाडी माझ्या दारात उतरायची. उद्या गाव वसणार ते तिथेच, हे आंधळ्यालाही दिसत होतं, आणि लूशियस स्ट्रँग आंधळा नव्हता. तो मंडळाचा कॅप्टन. स्वतःच्या नावावर त्याने आधीच दुसरी जमीन धरली होती आणि एका माणसाला एकच मिळे. पण त्याचा मेहुणा आल्वा टब्स अजून बिनजमिनीचा आणि बिनबायकोचा होता. मेहुण्याला बायको, स्वतःला गाव, असा स्ट्रँगचा हिशेब.

हे मंडळ म्हणजे आम्हीच सगळे. सरकार पूर्वेला हजार मैलांवर, म्हणून आपल्या जमिनी आपणच राखायच्या. आधीच्या हिवाळ्यात इलिनॉयचा एकजण दुसऱ्याच्या जमिनीवर खुंट्या ठोकताना सापडला. त्याला दोर बांधून नदीच्या बर्फातल्या भोकातून खाली सोडला, वर काढला, पुन्हा सोडला. शेवटी वर आला तेव्हा त्याची दाढी दगडासारखी वाजत होती. तो दावा सोडल्याची सही करून निघून गेला आणि लोकांनी कॅप्टनच्या नावाने पेले उचलले.

त्याच्याही आधी इथल्या मूळच्या ओटो जमातीचा एक म्हातारा आला होता. माझ्या मळईत त्यांच्या जुन्या घरांचे गोल खळगे आहेत, मका साठवायचे खड्डे आहेत. तो स्वतःच्या खड्ड्यातला स्वतःचा मका उकरत होता. स्ट्रँगने शंभर पावलांवरून त्याला टिपला, आणि मका आम्ही घोड्यांना घातला. देश कोवळा होता खरा, पण दात मात्र त्याला सगळे आले होते. परक्यांना खाऊन झालं की असे दात घरच्यांकडे वळतात, हे तेव्हा आम्हांला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी ऐकलं नसतं.

ओबेड गेल्यावर मी गडी ठेवला. डेटलेफ क्लाउसेन, जर्मनीतल्या होल्स्टाइनकडचा. खांदे दाराएवढे आणि बोलणं मोजकं. सहा महिने त्याने माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही, आणि मग एक दिवस गाईचं दूध काढता काढता म्हणाला, "केझाया, तू माझ्याशी लग्न कर." मी म्हटलं, "आधी बादली सांभाळ." पण सप्टेंबरात पीठमीठ आणायला आम्ही नदीपलीकडे गेलो आणि तिथे एका फिरत्या धर्मोपदेशकाने झाडाखाली आमचं लग्न लावलं. साक्षीला ऑरेगॉनच्या वाटेवरचं एक जोडपं उभं राहिलं. ते पुढे निघून गेले. उपदेशक नाताळच्या आधी खपला.

लग्न झालं आणि आम्ही ते लपवलं. मोजणी वसंतात होणार होती, तोवर दम धरायचा होता. असं करणारी मी पहिली नव्हे. डेटलेफ गोठ्यातच झोपायचा, चारचौघांत मला "बाई" म्हणायचा, आणि मी त्याच्यावर ओरडायची, "काय रे, लाकडं फोडायला मुहूर्त बघतोस का?" आम्ही इतकं झकास लपवलं की मंडळातला एकजण संशयाने रात्री येऊन बघून गेला आणि गोठ्यात घोरणारा गडी बघून खात्रीने परतला.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी थाळ्यांचा आवाज आला. तवे, पातेली, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, शिंगं, मधेच बंदुकीचा बार. हा आवाज आमच्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नवं जोडपं घरी आलं, त्यातून विधवेचं दुसरं लग्न असलं, की शेजारी थाळ्या बडवत दारावर येतात आणि दारू-खाऊ दिल्याशिवाय हलत नाहीत. एरवी ही वरात रात्रीची असते. हे भरदुपारी का आले, असं माझ्या मनात यायला हवं होतं. मनात आलं ते एवढंच की आपलं बिंग फुटलं.

डेटलेफ पाठीवरचा लाकडाचा भारा खाली ठेवून हसला. लग्नानंतर इतका मोकळा हसलेला मी त्याला तेव्हाच बघितला.

"कळलं त्यांना," तो म्हणाला. "बरं झालं. गोठ्यात झोपून वैतागलो मी."

"अरे, जमीन जाईल!"

"जाऊ दे. पुढे अजून आहे. हा देश काय नदीपाशी संपतो?"

खोटं कशाला बोलू, माझ्याही छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं झालं. जमीन जाणार हे समोर दिसत होतं, आणि तरी उद्यापासून या माणसाला सगळ्यांसमोर नवरा म्हणता येईल म्हणून हसूही येत होतं. मी व्हिस्कीचा बुधला काढला, मक्याच्या वड्यांवर काकवी ओतली, हाताने केस सारखे केले. दाराचा अडसर डेटलेफने काढला. बंदूक खुंटीवर तशीच राहिली.

दहा-बारा जण होते. पुढे स्ट्रँग, त्याच्यामागे न्यायाधीश पर्डी. न्यायाधीश म्हणायचं एवढंच, एरवी तो घोड्यांना नाल ठोकायचा. आणि त्याच्यामागे आल्वा टब्स, स्वच्छ कॉलर लावून, केसांना अस्वलाची चरबी चोपडून.

"वा!" स्ट्रँग बुधल्याकडे बघून म्हणाला. "तयारी आहे की! बाईंना कुणीतरी आधीच सांगितलेलं दिसतंय."

"काय सांगितलं?"

"की आज तुमचं लग्न आहे. आल्वा, पुढे ये लेका, लाजतोस काय?"

आल्वा पुढे आला आणि त्याने टोपी काढली. मला आधी हसू फुटलं. मग डेटलेफच्या दोन्ही हातांना चौघे लोंबकळलेले दिसले आणि माझं हसू जिरलं. त्याने एकाचं नाक फोडलं, दुसऱ्याला चुलीवर आपटलं. मग कुणीतरी पातेल्याने त्याच्या डोक्यात घातलं, तेच पातेलं जे वाजवत आले होते, आणि तो गुडघ्यांवर बसला.

"बाई," स्ट्रँग टोपीला हात लावून म्हणाला, "आम्ही काही रानटी नाही. बाईमाणसाला हात लावणार नाही. तुमचा गडी जरा गरम डोक्याचा आहे, त्याला थंड करतो. तुम्ही 'हो' म्हणालात की लगेच बाहेर काढतो."

नदीवर गुरांना पाणी पाजायला भोक पाडलेलं होतं. त्यांनी ते कुऱ्हाडीने मोठं केलं. वाऱ्याने बर्फावरचं भुसभुशीत हिम उडवून नेलं होतं आणि बर्फ काचेसारखा स्वच्छ होता. डेटलेफच्या काखेखालून दोर बांधला आणि त्याला खाली लोटला. डोकं बुडालं. वर काढला तेव्हा त्याच्या तोंडातून शब्द येईना, नुसता घोड्यासारखा श्वास. पुन्हा लोटला.

"थांबा!" मी ओरडले. "तो गडी नाही! नवरा आहे माझा!"

ते ऐकून सगळे जे हसले ते! फुटक्या नाकाचा म्हणाला, "गोठ्यात झोपणारा नवरा! आमच्या बायकांना ही युक्ती सांगू नका हो बाई!" दुसरा म्हणाला, "काल लाकडांवरून त्याला गाढव म्हणत होती, आज नवरा झाला!"

स्ट्रँग मात्र हसला नाही. "खरं असेल तर माझं काम आत्ताच झालं," तो म्हणाला. "लग्न झालं की तुमचा हक्क गेला. पण उद्या कचेरीत शपथेवर तुम्ही म्हणाल, जीव वाचवायला खोटं बोलले. साक्षीदार आहेत?"

"ऑरेगॉनला गेले."

"उपदेशक?"

"मेला."

"बघा म्हणजे. मला डोळ्यांदेखत झालेलं लग्न पाहिजे, बाई."

पाच महिने मी ज्या खोट्यावर संसार केला ते सगळ्यांनी मानलं, आणि एक खरं बोलले तर ते खोटं ठरलं. डेटलेफ भोकाच्या कडेला कोपरं टेकून छातीपर्यंत पाण्यात होता. ओठ निळे. तो माझ्याकडे बघून मान हलवत होता, नको म्हणत होता की थंडीने हलत होती, मला कळलं नाही, आजही कळलेलं नाही.

"लावा लग्न," मी म्हटलं. "आल्वाशी लावा, घोड्याशी लावा, कुणाशीही लावा. त्याला वर काढा आधी."

"लग्न झालं की," स्ट्रँग म्हणाला. "पर्डी, आटप."

नवरा मरो की नवरी मरो, उपाध्यायाला दक्षिणेशी कारण. पर्डीने हातमोजे काढले, चष्मा शोधला, घसा खाकरला. आल्वा दोर धरून उभा होता, कारण दोर धरायचं काम नेहमी हलक्या माणसाकडे येतं. आल्वाला विचारलं, तो "हो" म्हणाला. मला विचारलं. मी "हो" म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की पलीकडच्या काठावरून ते परत आलं.

"आता नवऱ्याने," पर्डी म्हणाला, "नवरीचा उजवा हात आपल्या उजव्या हातात घ्यावा."

आल्वाने दोर डाव्या हातात घेतला आणि उजवा माझ्यापुढे केला.

दोर भिजून गोठलेला. एका हातमोज्यात तो राहिलाच नाही. सर्रकन गेला, टोक बर्फावर आपटलं आणि भोकात नाहीसं झालं. डेटलेफची कोपरं कडेवरून केव्हा सुटली ते कुणी पाहिलं नाही. सगळे आमच्या हातांकडे बघत होते, लग्नात लोक बघतात तसे.

मी त्याला बर्फाखाली पाहिलं. पाठीवर होता, डोळे उघडे. प्रवाह त्याला काठाकाठाने दक्षिणेकडे नेत होता, फार जोरात नाही, माणूस चालतो तेवढ्याच चालीने. तो तळहाताने खालून बर्फावर थापा मारत होता. मी कुऱ्हाड उचलली आणि त्याच्याबरोबर चालू लागले. मी त्याच्या पुढे जाऊन घाव घालायची, बर्फ फुटेपर्यंत तो पुढे गेलेला असायचा. पुन्हा पुढे पळायची. पुन्हा घाव. वाकून त्याच्या तोंडावर मी ओरडत होते आणि माझ्या श्वासाने बर्फ धुरकट होऊन तो मलाच दिसेनासा व्हायचा. मग थापा थांबल्या. हात तसाच वर होता. जिथे बर्फावर साचलेलं हिम सुरू झालं तिथे तो त्याखाली गेला आणि पुन्हा दिसला नाही.

मागे वळले तेव्हा बहुतेक जण काठाकडे पळत होते. थाळ्या बर्फावर टाकून पळत होते. स्ट्रँग पळाला नव्हता. कॅप्टन होता ना. "बाई, हा अपघात..." एवढं म्हणत तो पुढे आला आणि घसरून बसला. मी कुऱ्हाड घातली. मला त्याचं डोकं पाहिजे होतं, मिळाला पाय. बुटासकट पुढचा पंजा तुटला. तो डुकरासारखा किंचाळत होता आणि मी दुसरा घाव उचलत होते तेव्हा आल्वाने मला मागून धरलं. तो रडत होता. लग्नाच्या नवऱ्याने बायकोला पहिल्यांदा मिठी मारावी तशी ती मिठी, आणि मी त्याच्या दंडाला हाडापर्यंत चावले.

माझ्यावर खटला झाला नाही. खटला म्हणजे सगळं सांगावं लागलं असतं. पर्डीने शपथेवर सांगितलं की त्या दिवशी तो घरात पाय शेकत बसला होता, म्हणजे आल्वाशी माझं लग्नही लागलं नव्हतं. मंडळाने ठरवून टाकलं की जर्मन गडी कॅलिफोर्नियाला पळाला आणि कॅप्टनच्या पायावर झाड पडलं. शेरीफ मंडळातलाच. बर्फ वितळल्यावर मी वीस मैल खालपर्यंत काठ धुंडाळला. मिसूरी घेतलेलं परत देत नाही.

मे महिन्यात जमिनीच्या कचेरीत माझी पाळी आली. मी एकटीच गाडी हाकत गेले, बाकाखाली शॉटगन ठेवून. आत टेबलापाशी अधिकारी, भिंतीला टेकून मंडळाचे लोक, आणि कुबडीवर स्ट्रँग.

"विधवा?" अधिकाऱ्याने विचारलं.

मी "हो" म्हणायच्या आत स्ट्रँग ओरडला, "साफ खोटं! ही लग्नाची आहे! त्या जर्मन गड्याशी हिचं लग्न झालंय. हिने स्वतः सांगितलं, आम्ही सगळ्यांनी ऐकलं!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. जे बर्फावर त्याने मानलं नाही, ते आता त्याला पटलं होतं.

अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं. नाही म्हणणं सोपं होतं. लग्नाचा एकही पुरावा दुनियेत नव्हता, नाही म्हटलं असतं तर जमीन त्याच क्षणी माझी होती. पण डेटलेफला मी पाच महिने गडी म्हटलं होतं. आता मेल्यावरही म्हणू?

"हो," मी म्हटलं. "डेटलेफ क्लाउसेन माझा नवरा होता."

"होता?"

"मेला. बुडाला. बुडवला."

"कुणी पाहिलं?" स्ट्रँग म्हणाला. "प्रेत कुठाय? तो कॅलिफोर्नियात सोनं चाळतोय, साहेब! नवरा जिवंत, बाई लग्नाची, हक्क गेला!"

अधिकारी खोलीकडे बघत म्हणाला, "त्या माणसाला मेलेला कुणी पाहिलाय?"

भिंतीला टेकलेले सगळे आपापले बूट बघू लागले. मला वाटलं, संपलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. नवराही गेला आणि त्याला नवरा म्हटल्यामुळे जमीनही गेली. तेवढ्यात दारापाशी कुणीतरी नाक ओढलं. आल्वा टब्स होता.

"मी पाहिलाय," तो म्हणाला. "दोर माझ्या हातात होता."

"आल्वा, तोंड बंद ठेव," स्ट्रँग म्हणाला.

"दोर माझ्याच हातात होता, लूशियस! रोज रात्री असतो!" आणि मग तो सगळंच बोलला, थाळ्यांपासून शेवटपर्यंत, अडखळत, दोनदा तेच तेच सांगत. अधिकाऱ्याने ऐकून घेतलं, दौतीत टाक बुडवला.

"कुणी मारलं ते शेरीफ बघेल," तो म्हणाला. "लग्नाने हिचा हक्क गेला असेल, पण नवरा मेल्यावरही त्या जमिनीवर खुंटी हिचीच आहे. मला एवढंच लिहायचंय. विधवा." आणि लिहिलं.

बाहेर येऊन मी घोडे जोडले. मंडळाच्या लोकांनी आल्वाला पायऱ्यांवरच गाठलं होतं. मी बघितलं. स्ट्रँग त्याला कुबडीने मारत होता, बाकीचे बुटांनी. एक लाथ जबड्यावर बसली आणि लाकूड मोडावं तसा आवाज झाला. मला दया आली नाही, खोटं सांगणार नाही. मी घोडे हाकले. त्याला मरायचं असेल तर मरू दे, माझा मेला तेव्हा तो हात धरून उभा होता.

"क्लाउसेनबाई!"

घोडे चार पावलं गेले असतील. "क्लाउसेनबाई!" आल्वा पुन्हा ओरडला, तोंडातल्या रक्तातून, चिखलातून.

या नावाने मला तोपर्यंत कुणीही हाक मारली नव्हती. लग्नाच्या दिवसापासून एकानेही नाही. डेटलेफनेसुद्धा नाही, तो केझाया नाहीतर बाईच म्हणायचा. जगात ते नाव घेणारा पहिला माणूस हा निघाला, दोर सोडणारा.

मी घोडे थांबवले. शॉटगन काढून एक बार स्ट्रँगच्या कुबडीवर टाकला, तो कुबडीसकट आडवा झाला, आणि दुसरी नळी बाकीच्यांवर धरली. ते मागे सरले. आल्वाला कॉलरला धरून गाडीत ओढला, मक्याचं पोतं टाकावं तसा टाकला आणि गाव सोडलं.

वाटेत तो कण्हत होता. पाणी मागितलं, दिलं नाही.

"परत म्हण," मी म्हटलं.

त्याचा जबडा लोंबत होता. शब्द फुटेना, रक्ताचा बुडबुडा आला.

"म्हण म्हणते ना!"

तो म्हणाला. निम्मंच आलं. घरी पोचेपर्यंत मी त्याला ते म्हणायला लावत राहिले, आणि तो म्हणत राहिला.